रिटायर व्हायच्या आधी काय काय बघून ठेवायचं? सरकारी नोकरीतल्यांसाठी, आस्थापनेच्या टेबलावरून

सगळ्यात आधी आपली रुजू तारीख बघा, कारण महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत म्हातारपणी हातात काय पडणार याचा निम्मा निकाल त्या एका तारखेवरच लागलेला असतो. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी रुजू झाला असाल तर १९८२ चे पेन्शन नियम, म्हणजे आपण जिला जुनी पेन्शन म्हणतो ती. त्या दिवशी किंवा नंतर रुजू झाला असाल तर आधी डीसीपीएस आणि मग एनपीएस, म्हणजे दर महिन्याला पगारातून कापून साठवायची पेन्शन योजना. मध्ये अडकलेले पण काही जण होते, जाहिरात २००५ च्या नोव्हेंबरआधीची पण ऑर्डर नंतर मिळाली असे, त्यांना २ फेब्रुवारी २०२४ च्या जीआरने (शासन निर्णयाने) जुन्या पेन्शनचा एकदाच विकल्प मिळाला होता. त्यात अर्ज दिला असेल तर नुसतं 'अर्ज दिलाय' म्हणून बसू नका, मंजुरीचा आदेश सेवापुस्तकात (आपल्या नोकरीच्या सगळ्या नोंदींच्या पुस्तकात) लागलाय का, जीपीएफ (भविष्य निर्वाह निधी) खातं उघडलंय का, एनपीएसमधली रक्कम वळती झालीय का, या तिन्ही गोष्टी स्वतः बघा.

मी बरीच वर्षं आस्थापनेवर, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोकरीचे कागद सांभाळणाऱ्या शाखेत आहे, पेन्शनची प्रकरणं माझ्याच टेबलावरून जातात आणि मी स्वतः २००७ ची, म्हणजे एनपीएसवाली. त्यामुळे दोन्ही बाजू रोज बघते. आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट नक्की कळलीय, योजना कुठली हे आपल्या हातात नसतं पण त्या योजनेतून आपल्याला मिळायचं ते पूर्ण मिळणार की अडकणार हे कागदावर ठरतं, आणि कागद आपल्या हातात असतात. म्हणून हे लिहितेय, जमेल तेवढं सविस्तर.

आधी हिशोब समजून घ्या, साधा आहे. जुन्या पेन्शनमध्ये शेवटचं मूळ वेतन ६०,००० असेल आणि सेवा पूर्ण असेल तर पेन्शन ३०,००० आणि वर महागाई भत्ता, तो वाढत राहतो. एनपीएसमध्ये तुमच्या बेसिक अधिक महागाई भत्त्याच्या १० टक्के तुमचे कट होतात आणि शासन १४ टक्के घालतं, ते मार्केटमध्ये वाढतं. निवृत्तीला जमलेल्या रकमेतली जास्तीत जास्त ६० टक्के हातात आणि किमान ४० टक्क्यांची अ‍ॅन्युइटी, म्हणजे दरमहा ठरलेली रक्कम देणारी विमा कंपनीची योजना, घ्यावी लागते. समजा ५० लाख जमले, तर २० लाखांची अ‍ॅन्युइटी, दर सहा टक्के धरला तर वर्षाला १,२०,००० म्हणजे महिन्याला १०,०००. हातात ३० लाख आहेत हे खरं, पण तो १०,००० चा आकडा महागाई भत्त्याबरोबर वाढत नाही, आज दहा हजार तर वीस वर्षांनी पण दहा हजारच. 'एकच मिशन जुनी पेन्शन' म्हणत मार्च २०२३ मध्ये लाखो लोक सात दिवस संपावर गेले ते याच्यासाठी.

त्या संपानंतर दोन गोष्टी झाल्या त्या खूप जणांना अजून नीट माहीत नाहीत. ३१ मार्च २०२३ च्या जीआरने एनपीएसवाल्यांना पण ग्रॅच्युइटी मिळायला लागली, आणि सेवेत असताना मृत्यू झाला तर कुटुंबाला फॅमिली पेन्शन, आजारपणाने नोकरी सोडावी लागली तर रुग्णता पेन्शन. याचा विकल्प आणि कुटुंबाच्या माहितीचा नमुना भरून द्यायचा असतो. भरलाय का? भरला असेल तर त्याची पोच आहे का? बघा आजच. दुसरी गोष्ट म्हणजे पेन्शनची हमी देणारे पर्याय. केंद्राच्या युपीएसमध्ये (युनिफाइड पेन्शन स्कीममध्ये) २५ वर्षं सेवा असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी बेसिकच्या ५० टक्के पेन्शन, पेन्शनर गेल्यावर त्या पेन्शनच्या ६० टक्के फॅमिली पेन्शन, १० वर्षं झाली असतील तर किमान १०,००० आणि वर महागाई भत्ता. राज्याने पण सप्टेंबर २०२४ च्या जीआरने हे पर्याय आपल्यासाठी आणले.

पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, विशेषतः उशिरा लागलेल्यांनी. आपल्याकडे भरतीची वयोमर्यादा खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ आहे, म्हणजे चाळिशीत रुजू होणारे कितीतरी जण आहेत आणि निवृत्ती, वर्ग ४ सोडला तर, आहे ५८ ला. चाळिसाव्या वर्षी लागलेल्याची सेवा १८ वर्षंच होणार, मग युपीएसच्या हिशोबाने ५० टक्के नाही तर त्याच्या २५ पैकी १८ भाग, म्हणजे साधारण ३६ टक्के. म्हणून शेजारच्या टेबलावरच्याने कुठला विकल्प भरला ते बघून आपला भरू नका, त्याची सेवा ३० वर्षं असेल आणि तुमची १६. कागद पेन घ्या, आपली एकूण सेवा मांडा, प्रानच्या (एनपीएसच्या) खात्यात आज किती आहे ते काढा आणि मग ठरवा, आणि विकल्पाच्या जीआरची शेवटची प्रत शासनाच्या साईटवरून स्वतः उतरवून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा फोटो नको.

आता सेवापुस्तक. याच्यावर मी जरा जास्तच बोलणार कारण प्रकरणं अडकतात ती इथेच. दुय्यम सेवापुस्तक तुमच्याकडे घरी असायला पाहिजे, नसेल तर अर्ज करून प्रत घ्या, आणि मूळ पुस्तक वर्षातून एकदा समोर घेऊन पान न पान वाचा. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख अंकात आणि अक्षरात, शिक्षण, ओळखीच्या खुणा, सही. मग प्रत्येक वर्षाची सेवा पडताळणीची नोंद आणि त्याखाली साहेबांची सही आहे का. बदली झाली त्या वर्षीची पडताळणी हमखास राहिलेली असते, जुनं ऑफिस म्हणतं नव्याने करा, नवीन म्हणतं जुन्याकडून आणा. वेतनवाढी, प्रमोशन, १-१-२०१६ ची वेतननिश्चिती, १०-२०-३० च्या आश्वासित प्रगती योजनेचा लाभ, स्थायित्वाचा आदेश, जात पडताळणी, मराठी-हिंदी भाषा परीक्षा, टायपिंग, एमएससीआयटी. एमएससीआयटी ३१ डिसेंबर २००७ च्या आत पास नाही म्हणून शेवटी शेवटी वसुली निघालेली प्रकरणं मी स्वतः हाताळलीत, वीस वर्षांच्या वेतनवाढीचा प्रश्न एका सर्टिफिकेटवर येऊन थांबतो. असाधारण रजा घेतली असेल तर ती मेडिकलवर होती का नव्हती ते नोंदीत स्पष्ट पाहिजे कारण नसेल तर तेवढी सेवा पेन्शनला धरत नाहीत. संपाचे दिवस कसे नियमित केले त्याची पण नोंद बघा.

वेतन पडताळणी पथकाचा शिक्का सेवापुस्तकात पडलाय का हे तर बघाच, आणि शेवटच्या वर्षाची वाट बघू नका. पथकाने आक्षेप काढला की १९९८ ला एक वेतनवाढ जास्त दिली गेली तर तेव्हापासूनची वसुली निघते. अशा वेळी घाबरून लगेच संमतीपत्र लिहून देऊ नका. सुप्रीम कोर्टाचा १८ डिसेंबर २०१४ चा रफिक मसीह प्रकरणातला निकाल आहे, वर्ग ३ आणि वर्ग ४ च्या कर्मचाऱ्यांकडून, आणि जे निवृत्त झालेत किंवा वर्षभरात होणार आहेत त्यांच्याकडून, अशी ऑफिसच्या चुकीने दिलेली जादा रक्कम वसूल करता येत नाही असं त्यात म्हटलंय. अर्जात त्या निकालाचा उल्लेख करा आणि पोच घ्या.

नावाचा घोळ. हा आमच्या बायकांचा जास्त. एका शिक्षिकेचं प्रकरण अजून डोळ्यासमोर आहे, सेवापुस्तकाच्या पहिल्या पानावर माहेरचं नाव, पाचव्या पानापासून सासरचं, बदलाची नोंदच नाही, आधारवर संगिता पहिली वेलांटी, बँकेत संगीता दुसरी, आणि पॅनवर इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. तीन महिने गेले बिचारीचे नुसते. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत लावून सेवापुस्तकात नोंद करून घ्या, आणि मग आधार, पॅन, बँक, प्रान सगळीकडे एकच नाव, एकच स्पेलिंग. नोकरीत असताना हे आठ दिवसांचं काम आहे, रिटायर झाल्यावर प्रत्येक खेटेला रिक्षाचे पैसे आणि दिवसभर बाकावर बसणं.

एनपीएसवाल्यांनो, तुमचं सेवापुस्तक म्हणजे प्रानचं स्टेटमेंट पण आहे. मी माझं स्वतःचं सांगते. माझी एका ऑफिसमधून दुसरीकडे बदली झाली आणि मधल्या १४ महिन्यांची कपात पगारातून झालेली पण खात्यात नाही. कळलं कसं, तर एका रविवारी सगळ्या पगारस्लिपा जमिनीवर महिन्याप्रमाणे लावल्या आणि स्टेटमेंट हातात घेऊन एकेक महिना पेन्सिलने खूण करत गेले, १४ जागा रिकाम्या निघाल्या. माझे १० टक्के गेलेले आणि शासनाचा हिस्सा पण नाही आलेला. मग जुन्या ऑफिसकडे पत्र, तिथल्या बिलांचे व्हाउचर नंबर आणि तारखा, कपातीचं शेड्यूल, कोषागारातून खात्री, असं करत करत जमा झाले पण त्याला दीड वर्ष लागलं. तुम्ही हे दर एप्रिलमध्ये करा. वर्षभराच्या १२ स्लिपा, १२ एन्ट्र्या, दोन्ही हिस्से. एक जरी कमी असेल तर त्याच महिन्यात डीडीओला (पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याला) लेखी द्या, तोंडी नको. आणि डीसीपीएसच्या काळातली, म्हणजे प्रान मिळायच्या आधीची रक्कम व्याजासकट वर्ग झालीय का ते वेगळं तपासा, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांचे तर याच्यातच सगळ्यात जास्त वांधे आहेत.

आता नॉमिनेशन. आमच्याकडे एक शिपाई मामा होते, सेवेत असतानाच गेले. वहिनी दहाव्यानंतर ऑफिसला आल्या, पिशवीत कागद, बरोबर कॉलेजातली मुलगी. मी सेवापुस्तक उघडलं तर ग्रॅच्युइटीचं नॉमिनेशन त्यांच्या आईच्या नावाने, कारण लागले तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, आणि आई तर कधीच गेलेली. गटविम्याचं पण तेच. जीपीएफचा नॉमिनेशनचा कागद सापडलाच नाही. फॅमिली पेन्शनला नॉमिनेशन लागत नाही, ती नियमाने पत्नीलाच, त्यामुळे ती सुरू झाली, पण बाकीच्या पैशांसाठी वारसाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, कोर्टाच्या चकरा, आणि मुलीची फी भरायला वहिनींनी मंगळसूत्र गहाण ठेवलं. माझ्या टेबलासमोर बसून त्यांनी हे सांगितलं तेव्हा मला काय बोलावं सुचलं नाही. एक फॉर्म होता हो तो. अर्ध्या पानाचा.

तर ग्रॅच्युइटी, जीपीएफ, १९८२ ची गटविमा योजना, अपघात विमा, प्रान, पगाराचं बँक खातं, पतसंस्थेचे शेअर्स, हे सगळे नॉमिनेशन वेगवेगळे असतात, एकाने दुसरं होत नाही. लग्न झालं, मूल झालं, कोणी गेलं, घटस्फोट झाला की सगळे परत भरा. घरात दिव्यांग मूल असेल तर त्याची नोंद कुटुंबाच्या तपशिलात दाखल्यासकट आत्ताच करा, त्याला फॅमिली पेन्शन आयुष्यभर मिळू शकते पण आई-बाप गेल्यावर ते सिद्ध करणं त्या लेकराला फार जड जातं.

शेवटची दोन वर्षं. नियमाप्रमाणे ऑफिसने निवृत्तीच्या दोन वर्षं आधीपासून तयारी सुरू करायची असते आणि सहा महिने आधी प्रकरण महालेखाकारांकडे जायला पाहिजे, एरवी मुंबईला आणि विदर्भ-मराठवाड्याचं असेल तर नागपूरला. ऑफिस करेल म्हणून थांबू नका, तुम्हीच अर्ज देऊन विचारा. सरकारी क्वार्टर असेल तर त्याचं ना-देय, ना-मागणी, ना-चौकशी, स्टोअर, अग्रिमं, संगणक, सगळी प्रमाणपत्रं गोळा करत राहा. पत्नी किंवा पतीबरोबरचा जोड फोटो, नमुना सह्या, बँकेचं पासबुक. विभागीय चौकशी चालू असेल तर तात्पुरती पेन्शन मिळते आणि ग्रॅच्युइटी थांबते, म्हणून चौकशी लवकर संपवा अशी लेखी मागणी नोकरीत असतानाच लावून धरा. आणि ३० जूनला रिटायर होणार असाल तर १ जुलैची काल्पनिक (फक्त पेन्शनच्या हिशोबाला धरली जाणारी) वेतनवाढ मागायला विसरू नका, सुप्रीम कोर्टाने ११ एप्रिल २०२३ ला तसा निकाल दिला आणि राज्याने पण जीआर काढला.

रजेचं खातं पण बघा, पुस्तकाच्या शेवटी असतं. अर्जित रजा ३०० दिवसांपर्यंत रोखीत मिळते, म्हणजे चक्क दहा महिन्यांचा पगार, आणि सरकारी कर्मचाऱ्याला त्यावर टॅक्स नाही. किरकोळ कामाला अर्जित रजा उडवू नका. ग्रॅच्युइटी दर पूर्ण सहामाहीला पाव महिन्याचं वेतन, जास्तीत जास्त साडेसोळा महिने, आणि राज्यात तिची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०२४ पासून १४ लाखांवरून २० लाख झालीय.

जुन्या पेन्शनवाल्यांना शेवटी एक मोठा निर्णय असतो, अंशराशीकरण म्हणजे पेन्शन विकणं. ४० टक्क्यांपर्यंत विकता येते, पण ४० च विकायला पाहिजे असं काही नाही, हे कोणी सांगतच नाही. हिशोब असा, पेन्शन ४०,००० आहे, ४० टक्के म्हणजे १६,००० विकले, ५८ ला रिटायर झालात तर अंशराशीकरणाच्या तक्त्यातला आकडा ८.३७१, म्हणजे १६,००० गुणिले १२ गुणिले ८.३७१, एकूण १६,०७,२३२ रुपये, करमुक्त. आणि १५ वर्षं दरमहा १६,००० कापले जाणार, ते होतात २८,८०,०००. महागाई भत्ता मात्र पूर्ण पेन्शनवरच मिळतो, आणि पेन्शनर गेला तर फॅमिली पेन्शनमधून ही कपात होत नाही. माझं मत विचाराल तर डोक्यावर महाग कर्ज असेल किंवा स्वतःचं घर व्हायचं असेल तर विका. नुसतं सगळे विकतात म्हणून, किंवा पोराच्या गाडीसाठी विकत असाल तर २४,००० मध्ये महिना कसा निघतो ते आधी तीन महिने जगून बघा, खरंच.

आलेले पैसे कुठे ठेवायचे? मी बँकेतली नाही, पण पोस्टातली सीनियर सिटिझन स्कीम प्रत्येकाला सांगते. एरवी तिला ६० वय लागतं, पण ५५ ते ६० मधल्या निवृत्तांना निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांत खातं उघडता येतं, ही मुदत ५८ ला रिटायर होणाऱ्यांकडून हमखास चुकते. मर्यादा ३० लाख, आणि ८.२ टक्क्यांनी बघितलं तर ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये. पैसे जमा झालेल्या आठवड्यात प्लॉटवाले, दामदुप्पटवाले, लांबचे भाचे सगळे येतात, त्यांना सहा महिने थांबा म्हणून सांगा.

पतसंस्थेचं कर्ज आणि जामीन, हे लोक मोजतच नाहीत. शेवटच्या पाच वर्षांत नवीन कर्ज नको आणि कोणाला जामीन तर मुळीच राहू नका. मैत्री असेल, गावचा असेल, तरी नाही म्हणा. दुसऱ्याच्या थकलेल्या हप्त्यासाठी पगार कापला जाणारा जामीनदार मी बघितलाय, स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या वर्षात.

आणि आजारपण. नोकरीत असताना वैद्यकीय बिलांची प्रतिपूर्ती असते, ती निवृत्तीबरोबर संपते, आणि नेमकं तेव्हाच बीपी, शुगर, गुडघे सुरू होतात. म्हणून नोकरीत असतानाच, पन्नाशीच्या आसपास, नवरा-बायकोचा स्वतःचा मेडिक्लेम घ्या, जुन्या आजारांचा वेटिंग पिरियड नोकरीतच संपून जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी पण नाही. घरात सत्तरीच्या पुढचे कोणी असतील तर उत्पन्न कितीही असो आयुष्मानचं पाच लाखांचं कार्ड निघतं, ते काढून ठेवा.

पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. नाव, जन्मतारीख, जोडीदाराचं नाव आणि जन्मतारीख, पेन्शनचा आकडा, फॅमिली पेन्शनचे दोन्ही दर (सुरुवातीचा वाढीव आणि नंतरचा नेहमीचा). जोडीदाराच्या नावात एक अक्षर चुकलं असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीला पाठवा. पेन्शनचं खातं पती-पत्नीचं जोडखातं ठेवा. दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला, बँकेत सही करून किंवा जीवन प्रमाणवर चेहरा दाखवून मोबाईलवरून पण होतो. त्यासाठी कोषागारातून बोलतोय म्हणून कोणी फोनवर ओटीपी मागितला तर लगेच कट करा, कोषागार ओटीपी मागत नाही. आणि पेन्शनर गेल्यावर बँकेला आणि कोषागाराला लगेच मृत्यूचा दाखला द्यायचा असतो, नाहीतर मधल्या महिन्यांत जमा झालेली पेन्शन परत भरावी लागते. पीपीओची झेरॉक्स, दाखला, फॅमिली पेन्शनचा अर्ज, आधार, पॅन आणि त्या जोडखात्याचं पासबुक, एवढंच घेऊन जायचं असतं, हे जोडीदाराला आत्ताच एका कागदावर लिहून पीपीओच्या फाईलला लावून द्या.